बिनअंड्याचं घर

३ मार्च

आमच्या लेकीचे, मुंगीचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक नवी बाई येऊन बसलीय. वयाने माझ्याहून लहान, हातातलं पेन सारखं फिरवत असते. मुंगीची फाइल चाळली आणि मला म्हणते, "हिची अंड्याची ॲलर्जी शेवटची कधी तपासली होती?"

मी म्हटलं, "तपासायची कशाला? आहे ना ती."

बाई हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाली, "पुष्कळ मुलांची अंड्याची ॲलर्जी मोठं होता होता जाते. हिला त्रास झाला तेव्हा ही दीड वर्षाची होती. आता आठ वर्षांची आहे. बघायला हवं."

जाते म्हणे! जशी काही पाहुणी आली होती आणि आता पिशवी भरून निघाली. मी तिला सांगितलं की आमच्या घरात इतक्या वर्षांत अंड्याचा कण आलेला नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं भिंग लावून वाचते मी. शाळेच्या बाईंना इंजेक्शनचं पेन मांडीत कसं टोचायचं ते मी स्वतः शिकवलंय. वाढदिवसाला मुंगी स्वतःचा डबा घेऊन जाते आणि केक कापताना खिडकीशी उभी राहते. नवरा हॉटेलात अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरी येतो.

"का?" बाई म्हणाली.

"का म्हणजे? तो आचारी आहे. सकाळभर अंडीच फोडतो."

"हात साबणाने नीट धुतले तर पुरे असतं हो," ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "मग ते मुलीला जवळ घेतात की नाही?"

हा काय डॉक्टरी प्रश्न झाला? मी म्हटलं, घेतो की. उलट्या हाताने डोक्यावर थोपटतो. तळव्याने नाही, एवढंच.

५ मार्च

दोन दिवस पोटात ठेवलं, आज त्याला सांगितलं. तो मोजे काढत होता. एक पायात, एक हातात, तसाच बसून राहिला.

"पुन्हा सांग," म्हणाला. "नक्की काय म्हणाली? शब्द काय होते?"

मी सांगितले. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, मी काय टेपरेकॉर्डर आहे?

आता हे सगळं नेमकं याच महिन्यात यायचं होतं. त्याचं हॉटेल एप्रिलअखेर बंद होणार, पाडून नव्याने बांधणार. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे प्रवासी जहाजावरचं स्वयंपाकघर, वर्षभराचा करार. दुसरी म्हणजे आमच्याच इमारतीखालचं घड्याळवाल्याचं बंद दुकान. तिथे याला नाश्त्याचं दुकान काढायचंय. दोन्हीकडच्यांना उत्तर महिनाअखेर हवंय. दुकानाचं त्याने गेल्या वर्षीही काढलं होतं आणि मी एका वाक्यात संपवलं होतं: आमच्या खिडकीखाली अंडी तळली जाणार असतील तर मी मुलीला घेऊन दुसरीकडे राहायला जाते. तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

आज निघाला. "तिची गेली असली," तो म्हणाला, "तर मग खालचं दुकान..." मोजा परत पायात घातला. कशासाठी, देव जाणे. कुठेच जायचं नव्हतं.

९ मार्च

नणंद आली होती. ताई आल्या की घरातल्या खुर्च्यासुद्धा सावरून बसतात. भावाने सगळं आधीच कानावर घातलेलं दिसलं.

"तपासून घ्या की गं," म्हणाल्या. "घोडं अडलंय कुठे?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही त्या दिवशी नव्हता. मी होते. ओठ सुजून एवढे झाले होते तिचे. अंगभर गांधी. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो."

"फुंकून पी ना! तू तर ताकाची वाटीच फोडून टाकलीस."

मला हसू आलं, ते दाबलं. मग मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "त्याने पहिला घास भरवला होता, हे तू त्याला दर भांडणात ऐकवतेस. मला सांगितलंय त्याने. तो काही विसरलाय असं वाटतं का तुला?"

तोंडात मारल्यासारखी बसले मी. दर भांडणात नाही. दोनदा, फार तर तीनदा. आणि खोटं तर बोलले नव्हते? त्याचा सुट्टीचा दिवस होता. मऊ, पिवळंधमक आमलेट त्याने मोठ्या हौसेने केलं होतं. बोटाने एवढासा तुकडा तोडून म्हणाला, "बघू या बाबाच्या हातची चव कळते का." हॉस्पिटलातून आल्यावर तवा त्यानेच उचलून बाहेर टाकला. मी सांगितलंही नव्हतं. त्यानंतर घरी त्याने कधी गॅस पेटवला नाही. पाणी उकळायलासुद्धा मला हाक मारतो.

१४ मार्च

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. आज एक गृहस्थ आले. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कानामागे लाल चट्टे. म्हणाले, महिनाभर मलम लावतोय, जात नाही. मी त्यांचा चष्मा हातात घेतला, काडीवरचा मुलामा उडाला होता. म्हटलं, मलम फेका, फ्रेम बदला. आतल्या धातूची ॲलर्जी आहे तुम्हाला. घड्याळाच्या पट्ट्याखालीही खाजतं की नाही? त्यांनी मनगट पुढे केलं. होतंच तिथे.

"मग हे कधी जाईल?" त्यांनी विचारलं.

मी प्लास्टिकची फ्रेम त्यांच्या नाकावर बसवत म्हटलं, "ॲलर्जी जात नसते. आपण तिच्याबरोबर राहायला शिकायचं."

मालक आतून ऐकत होते. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "तुम्ही दुकानात बोर्डच लावा, आमच्याकडे चष्मे आणि निदान दोन्ही मिळेल." मी हसले. पण निदान बरोबर होतं की नाही? इतक्या वर्षांत मी जे शिकले, ते कुणी मला फुकट नाही शिकवलेलं.

२१ मार्च

आज मुंगीच्या हाताची तपासणी झाली. मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एकेक थेंब, आणि थेंबातून सुईची बारीकशी टोच. मग बसून राहायचं आणि हात खाजवायचा नाही. मुंगीने दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरली होती. झाडांच्या परागाचा थेंब चांगला टरारून फुगला. धुळीचाही. अंड्याच्या जागी मात्र मसुराच्या दाण्याएवढी फुगवटी, तीही वाकून बघावी लागत होती.

"पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता खरी परीक्षा घेऊ. दिवसभर इथे, आमच्या डोळ्यांसमोर. आधी चिमूटभर, मग थोडं, मग थोडं जास्त. घरी मात्र कुणी हा प्रयोग करायचा नाही हं." तारीख मिळाली २९. एकच अट घातली: तोवर शिंकांचं, खाजेचं कुठलंही सिरप द्यायचं नाही, नाहीतर परीक्षेला अर्थ राहणार नाही. आजच्या तपासणीआधीही हेच सांगितलं होतं. तेव्हा मी काटेकोर पाळलं होतं.

घरी आल्यावर त्याने मुंगीचा हात उजेडात नेऊन पाहिला. हात लावला नाही, नुसता पाहिला. बराच वेळ पाहत होता.

संध्याकाळी जिन्यावरून खाली उतरताना मला तो दिसला. बंद दुकानाच्या शटरपुढे उभा राहून पावलांनी रुंदी मोजत होता. मी दिसल्यावर खिशात हात घालून उगाच आकाशाकडे बघायला लागला. लग्नाआधी मला भेटायला यायचा तेव्हा अगदी असाच उभा राहायचा. मला त्याची दया आली, आणि रागही आला. काहीही ठरलेलं नसताना माणसाने इतकं खूश होऊ नये.

२४ मार्च

झोप नीट लागत नाही. डोळा लागला की तो शिट्टीचा आवाज कानात येतो.

मुंगीने आज विचारलं, "आई, मी अंडं खाल्लं तर मरेन ना?"

मी म्हटलं, "डॉक्टर असतात तिथे."

"पण तू म्हणाली होतीस."

म्हणाले होते. चार वर्षांची असताना तिने दुसऱ्या मुलीच्या डब्याला हात लावला, तेव्हा म्हणाले होते. मुलांना भीती घातल्याशिवाय कळत नाही.

२७ मार्च

खिडकीबाहेरच्या झाडाचा पिवळा भुगा कठड्यावर बोटभर जमलाय. मुंगी शिंकली. डोळे लाल वाटले. एक चमचा सिरप दिलं. लगेच झोपली.

दरवर्षी देते मी या दिवसांत. हाताला सवय असते. आईने काय लेकराला शिंकत ठेवायचं?

२९ मार्च

सगळं मुळापासून लिहिते.

त्याने रजा घेतली होती. नवा शर्ट घातला होता, हॉटेलात एकदाही न गेलेला. गुळगुळीत दाढी केलेली. हॉस्पिटलात बसताना पहिल्यांदाच मुंगीच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, एक सोडून नाही. टेबलावर झाकलेल्या छोट्या वाट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

नर्सने विचारलं, "आठवड्याभरात काही औषध?"

गप्प बसता आलं असतं मला. पण मी काही राक्षसीण नाही. सिरपमुळे सुरुवातीची लक्षणं झाकली गेली असती आणि पुढे काही भलतंच झालं असतं तर? मी म्हटलं, "परवा सिरप दिलं. शिंकत होती."

नर्स थांबली. आत गेली. डॉक्टरबाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "फोन करायचा होता हो. शिंका चालल्या असत्या." पुढची तारीख थेट १९ मे. मधे जागाच नाही म्हणाल्या. वाट्यांवरची झाकणं न उघडताच ताट परत गेलं.

रस्त्यात त्याने मुंगीला विचारलं, अगदी हळू, "खूप शिंकत होतीस का गं?"

"दोनदा," मुंगी म्हणाली. "आई म्हणाली डोळे लाल आहेत. मला काही होत नव्हतं."

मुलं काय शिंका मोजत बसतात का?

आणि एक लिहून ठेवते. नर्स ताट घेऊन गेली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सुंठेवाचून खोकला गेला, असंच मनात आलं. लिहिलेलं आता खोडत नाही.

३१ मार्च

त्याने जहाजाच्या करारावर सही केली. जेवणाच्या टेबलावर, मीठ आणि पाण्याचा जग बाजूला सरकवून.

"दुकानवाले मेपर्यंत थांबणार नाहीत," म्हणाला.

मला म्हणता आलं असतं, थांब, मी बोलते त्यांच्याशी. दुकानाची मालकीणबाई माझंच गिऱ्हाईक आहे. तिचे दोन चष्मे मी बसवून दिलेत, ऐकलं असतं तिने माझं. मी म्हटलं, "वर्षच आहे. बघता बघता जाईल."

"हो," तो म्हणाला. मग पेनाचं टोपण शोधायला लागला. माझ्या हातातच होतं.

२६ एप्रिल

गेला.

सामान नेहमीप्रमाणे त्यानेच भरलं. शर्टांच्या घड्या इतक्या नीट की मला लाज वाटावी. मुंगी दारात उभी होती. तिने विचारलं, "जहाजावरपण अंडी असतात?"

"खूप. टोपल्याच्या टोपल्या."

"मग तिथेपण तू कुणाला हात नाही लावायचा?"

तो हसला. "तिथे माझ्या हाताने कुणाला काही होत नाही गं."

मुंगीला हे उत्तर पटलं. तिने मान डोलावली. त्याने तिच्या डोक्यावर उलट्या हाताने थोपटलं आणि पिशवी उचलली. मी मधे पडून म्हणायला हवं होतं की अरे, घे की तिला उचलून, आता साबणाने हात धुतलेत ना. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी त्याला सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा दारात आठवलं. रिक्षा खाली भोंगा वाजवत होती. मी म्हटलं, "पोचलास की फोन कर."

४ मे

खालचं दुकान गेलं. मोबाइल दुरुस्तीवाला आलाय. दिवसभर गाणी लावतो आणि ती अर्धीच सोडतो. घड्याळवाल्याची पाटी त्याने काढली, तिच्यामागची भिंत अजून पांढरी आहे. मालकीणबाई आमच्या चष्म्याच्या दुकानात आल्या होत्या, काडीचा स्क्रू ढिला झालेला. मी घट्ट करत असताना आपणहून म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती वेळा येऊन बघून गेले हो. एकदा तर भिंतीला कुठला रंग चालेल म्हणून मलाच विचारत होते. तुम्ही शब्द टाकला असता तर मी थांबले असते."

मी स्क्रू इतका पिळला की काडी मिटेनाशी झाली. पुन्हा सैल करावा लागला.

मला आता त्याचा फार राग येतो. भांडला का नाही तो? आदळआपट करायची, सिरपची बाटली माझ्यापुढे आपटायची, विचारायचं तोंडावर. गप्प बसून गेला आणि सगळं माझ्या पदरात टाकून गेला.

१९ मे

आज परीक्षा झाली.

पहिल्या वाटीतच घोडं अडलं. मुंगी तोंडच उघडेना. ओठ मिटून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी माझा दंड धरून बसली. "मी मरेन. आई, घरी चल. मी मरेन." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुंगे, काही नाही होत." ती म्हणाली, "तू खोटं बोलतेस. तूच सांगितलंस."

शेवटी नर्सने मला बाहेर काढलं. खरं सांगते, हात धरून बाहेर काढलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. ती नर्सशी काहीतरी बोलली. नर्सने कानात काहीतरी सांगितलं. मग मुंगीने चमचा स्वतःच्या हाताने तोंडात घातला.

मला आत घेतलं तोवर तिसरी वाटी चालू होती. मी तिचे ओठ बघत होते, मान, पोट, कानामागे. एकदा किंचाळलेच, गांधी उठली म्हणून. डास चावला होता. चौथी वाटी झाली, शेवटची झाली. मुंगी चित्रं रंगवत बसली आणि मग कंटाळली. अंगावर पुरळ नाही, खोकला नाही, शिट्टी नाही. नुसती कंटाळली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेलीय. धुळीचं आणि परागाचं आहे, त्याला गादीच्या खोळी धुणं आणि वेळेवर औषध पुरे. अंड्याचं मात्र संपलं. आता घरी नियमित खायला घाला, बंद पाडू नका."

मी विचारलं, "कधी गेली असेल?"

"ते कसं सांगणार? कदाचित तीन-चार वर्षांपूर्वीच."

मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि रडले. नर्सने विचारल्यावर म्हटलं, आनंद झाला. झालाच होता. पण रडणं त्याचं नव्हतं.

२० मे

जहाज बंदरात होतं म्हणून त्याचा फोन लागला. मागे भांड्यांचा खणखणाट. मी सांगितलं.

"सगळ्या वाट्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या."

"अंगावर काहीच नाही आलं?"

"डास चावला होता."

तो हसला, आणि मग हसणं मधेच राहिलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्या दिवशीचं सिरप. तू विसरली होतीस ना? सवयीने दिलंस ना?"

इतकी सोपी पळवाट कुणी कुणाला देत नाही. मला नुसतं हो म्हणायचं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं, मुंगी शेजारच्या खोलीत होती.

"नाही," मी म्हटलं. "आठवत होतं मला. बाटली हातात घेतली तेव्हाही आठवत होतं."

वाटलं, आता फोन ठेवील. ठेवायलाच हवा होता.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "तिथेच, हॉस्पिटलात."

"मग बोलला का नाहीस? भांडला का नाहीस?"

"नर्स ताट घेऊन गेली ना," तो म्हणाला, "तेव्हा मला बरं वाटलं होतं गं. पुन्हा माझ्यासमोर तिला तसं झालं असतं तर... मी तारीख बदलून मागितली असती तर कदाचित लवकरची मिळालीही असती. नाही मागितली. तुझ्या नावावर सगळं ढकललं आणि सही करून मोकळा झालो."

एवढी वर्षं मला वाटत होतं, भीती एकटी मी वाहतेय आणि हा नुसता माझे नियम पाळतोय. एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांना साधं विचारलं नाही, तुलाही भीती वाटते का रे म्हणून. विचारलं असतं तर तो आज खाली दुकानात असता.

"येऊ का परत?" त्याने विचारलं. लगेच स्वतःच म्हणाला, "नाही येता येणार. करार आहे."

"माहीत आहे."

"तिला सांग..." म्हणाला, आणि कुणीतरी त्याला हाक मारली.

२ जून

मुंगी घरी अंडं खायला तयार नाही. हॉस्पिटलात खाल्लं ते खाल्लं. "तिथे डॉक्टर होते. इथे कोण आहे?" बिनतोड आहे. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रागावू नका. भीती भरायला जेवढा वेळ लागला तेवढा उतरायलाही लागेल. आधी तुम्ही खा तिच्यासमोर."

मी! मी तर विसरूनच गेले होते की मलाही अंडी आवडायची. त्याच्याशी ओळखच मुळी झाली ती त्याच्या हातचं आमलेट खाताना, तो तेव्हा काम करायचा त्या जुन्या उपाहारगृहात. दोन दिवस लागोपाठ गेले होते, आणि तिसऱ्या दिवशी त्याने न विचारताच कांदा कमी घातला होता.

ताईंना सांगितलं, सिरपचंसुद्धा. आता बोल ऐकावे लागणार म्हणून मान खाली घालून बसले. त्या म्हणाल्या, "दोघंही एका माळेचे मणी." आणि उठून चहा ठेवला, माझ्याच घरात.

८ जून

अंडी आणायला गेले. कोपऱ्यावरचा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? अंडी? कुणासाठी?" सगळ्या गल्लीला माहीत. मी म्हटलं, "आमच्यासाठी." घरी येताना पिशवी अंगापासून लांब धरली होती, हे जिन्यात आल्यावर लक्षात आलं.

पहिलं अंडं फोडताना कवच आत पडलं. दुसरं चिकटलं. तेल जास्त झालं, आच मोठी राहिली, कडा करपल्या आणि मधे ओलं. जिच्या नवऱ्यापुढे लोक ताटं घेऊन उभे राहतात, तिच्या हातचं हे आमलेट! मुंगी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. मी टेबलाशी बसले, तुकडा मोडला आणि खाल्ला. ती माझ्या ओठांकडे बघत होती. अगदी मी तिच्या ओठांकडे बघायचे तशी.

"काही होतंय का?" तिने विचारलं.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

ती जवळ आली. करपलेला भाग बाजूला केला, मऊ बघून अगदी नखाएवढा तुकडा घेतला. तोंडात ठेवला, बराच वेळ चावलाच नाही. मग चावला. मग आणखी एक घेतला, पहिल्याहून मोठा. माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि मी श्वास ऐकत होते. साधा श्वास होता.

"बाबा रोज हेच करतो?" तिने विचारलं.

"हो. पण असं करपलेलं नाही."

"आणि लोक खातात?"

"रांग लावून खातात. लांबून येतात लोक त्याच्या हातचं खायला. यायचे, म्हणजे हॉटेल होतं तेव्हा."

तिने तिसरा तुकडा तोंडात टाकला. हॉटेल तिला माहीत आहे, शाळेची बस त्याच रस्त्याने जायची. आता तिथे पत्रे ठोकलेत आणि आत खोदकाम चाललंय.

"मग आपण कधीच का नाही गेलो?"

मी ताट तिच्याकडे सरकवलं. "खा," म्हटलं, "गार होतंय."